हाडवैर

कावीळ हटेना म्हणून तुकडा काढला होता.
नमुना पुण्याला जाऊन आला. जळगावला डॉक्टर भंगाळे
कागद चष्म्याजवळ नेत म्हणाले,
ताई, तुमच्या यकृतात एक पुरुष आहे.
स्वतःच हसले. मग म्हणाले, म्हणजे पेशी.
भावाची.

नऊ वर्षांपूर्वी, नाशिकला,
युवराजच्या कमरेच्या हाडातून मगज काढला.
दोन पिशव्या. काम ठरलेलं: रक्त बनायचं, बस.
बनलंही. सहा महिन्यांत माझा रक्तगट त्याचा झाला.

तेव्हा आमचं बोलणं बंद होतं,
रावेरच्या मळ्यातल्या बोअरच्या पाळीवरून.
हाडवैरी म्हणायचं गाव आम्हाला.
तो आला, माझ्या खाटेकडे नाही, काउंटरकडे.
"लागन तेवढं काढा," म्हणाला,
आणि लंगडत भुसावळच्या गाडीत बसला.
राखी मी कुरियरनं पाठवते.
पोच येते, सही वहिनीची.

आता ही एक पेशी.
लाल व्हायला निघालेली,
वाहता वाहता कुठल्या स्टेशनावर उतरली,
कोणी तिच्या हातात पित्ताचं, साखरेचं काम दिलं,
आणि ती नाही का म्हणाली नाही?

डॉक्टर म्हणाले, खात्री नाही.
बदलली असेल, किंवा
इथल्याच एखाद्या दमलेल्या पेशीला बिलगली असेल,
दोघींचं एकच घर झालं असेल.
मोठमोठ्या लोकांची यावर भांडणं आहेत.
म्हटलं, आमच्यातही.

येताना सावद्याला बस थांबली.
केळीचे ट्रक भरत होते, चिकानं काळे झालेले सदरे.
बांधावर कोणी पील खणून ठेवलेले.
पण केळीच्या पिलाची केळच होते,
त्यात मला सापडलं नाही काही.

रात्री फोन लावला. वाजला. उचलला.
तो बोलेना, मीही नाही. त्याच्या मागे मोटर चालू.
सांगणार होते, तुझं काहीतरी माझ्या काळजात आहे.
खोटं नाही, खाटीकही यकृताला काळीजच म्हणतो.
पण असं बोलले असते तर त्यानं फोन ठेवला असता.

म्हणून विचारलं,
कंबर दुखते का रे अजून, थंडीत?

बराच वेळ नुसती मोटर.
मग, "तुले कोनी सांगतलं?"