दीड बोट

जीप चार इंच उचलली तेव्हा सगळ्यांनी फक्त उंची पाहिली.
लोकमान्य नगरातल्या कोरान्ने काकू म्हणाल्या,
आता काय, भाजीला शिडी घेऊन जाणार?
मी हसले. सीटखाली एक जुना पाट ठेवला चढायला-उतरायला,
आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी निघाले
सिमरोलच्या बाजूला, विहिरींचं पाणी गोळा करायला.
छत्तीस बाटल्या, लाकडी खोका,
प्रत्येकीच्या गळ्यात एका गावाचं नाव.

उंचीनं काय बिघडवलं ते हातांना आधी कळलं.
स्टिअरिंग दीड बोट फिरवलं तरी चाकांना पत्ता नाही,
मग एकदम पत्ता लागायचा, नको तेवढा.
तेजाजी नगरचा चौक सोडून काटा साठावर गेला
की पुढची दोन्ही चाकं भांडायला उठत.
बॉनेट, आरसा, माझे दात,
मागे छत्तीस बाटल्यांचा किणकिणाट.
खड्डा आला की जीप परस्पर ठरवायची, डावीकडे.
मी उजवीकडे ओढायची.
असं आठ महिने चाललो आम्ही, सरळ.
म्हणजे, बघणाऱ्याला सरळ.

देवास नाक्यावर इद्रीस उस्ताद जीपखाली शिरला.
बाहेर नुसते पाय, एक चप्पल निळी, एक करडी.
हिलाओ, म्हणाला. मी हलवत राहिले,
तो ऐकत राहिला, डॉक्टर छातीतलं ऐकतो तसा.
मग बाहेर येऊन फरशीवर खडूनं दोन रेघा ओढल्या.
ही दांडी आधी अशी, आडवी.
आता बघा, घसरगुंडी.
“गाड़ी तो उठा ली भिया ने, डंडी वहीं की वहीं रह गई।”
(मी बाई आहे. त्याला सगळेच भिया.)

चार दिवस सांगितले, नऊ लागले.
भंगारातल्या स्कॉर्पिओचा पॉवर बॉक्स,
चासीला जाड पट्टी, तिच्यावर वेल्डिंगची निळसर शिवण,
खाली उतरता ड्रॉप आर्म,
अंगठ्याएवढी टाय रॉड जाऊन मनगटाएवढी.
पंपाचा पट्टा दोनदा चुकीच्या मापाचा आला.
सियागंजच्या तीन चकरा मी रिक्षानं केल्या
आणि रिक्षातसुद्धा माझे हात मांडीवर
डावं-उजवं करत होते.

जुना बॉक्स त्यानं पोत्यावर उघडून ठेवला.
अळीसारखा पिळदार गियर, तेलात काळा,
मधोमध झिजलेला. फक्त मधोमध.
दोन्ही टोकांचे पीळ कोरे,
कालच कारखान्यातून आल्यासारखे.
सरळ जाऊन जाऊनच गेला हा, उस्ताद म्हणाला,
मोड़ तो इसने देखे ही कहाँ.
मी काही बोलले नाही.
पैसे मोजले. पुन्हा मोजले.

खंडवा रोडवर पहिला तास लाज गेली माझी.
एका बोटानं फिरणारं चाक, आणि मी दोन खांद्यांनी ओढतेय,
जीप रस्ताभर शिंप्याच्या टाक्यांसारखी.
मागचा ट्रकवाला हॉर्न देऊन देऊन थकला.
मग साठ. मग पासष्ट.
कुणीच भांडेना.
इतकं शांत की एका बाटलीचं सैल झाकण
टिक टिक वाजत होतं, ते ऐकू आलं.
आठ महिने तेही वाजत असणार.

सिमरोलच्या अलीकडे चिंचेपाशी तो खड्डा आहे.
तो दिसायच्या आत हात उजवीकडे गेले, सवयीनं, पूर्ण ताकदीनं.
चाक खड्ड्यातून गेलं, जीपनं हूं की चूं केलं नाही.
तिनं फक्त ऐकलं.
उजवीकडे म्हणालीस ना? उजवीकडे.

कुंपणातल्या फटीतून, बाभळींमधून,
बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांवरून
थांबलो तेव्हा समोर एक विहीर होती,
माझ्या यादीत नसलेली.
काठावर एक पोरगा, दोरी हातात,
जीपच्या चाकांकडे, मग वर, मग आणखी वर बघत.
उतरोगी कैसे, त्यानं विचारलं.

मी सीटखालून पाट काढला.