बोली

दारावरची पाटी इंग्रजीत आहे, लांबलचक.
वॉर्डबॉय मला फूँकवाली दीदी म्हणतात.
दिवसभर मी एकच काम करते:
खींचो, खींचो, खींचो... फूँको!
संध्याकाळी माझाच आवाज बसलेला असतो.

अंबादास शितोळे, वय एकावन्न.
चोइथराम मंडीत लसणाच्या ढिगावर उभं राहून
पंचवीस वर्षं बोली पुकारली.
मग एका पहाटे ट्रकचा फाळका सुटला
आणि हनुवटीवर बसला.

आता वरचे दात खालच्या दातांना
तारेनं शिवलेत, सहा आठवडे.
डावीकडचा एक दात गेला, तेवढी फट.
तिथून डाळीचं पाणी आत,
तिथूनच वारा बाहेर,
शिटी वाजवत.

बायको सांगते,
पोहे मिक्सरमधून काढून बघितले हो,
खळ झाली नुसती, पतंगाची.
तो मान हलवतो. हसणं नाकातून येतं.

त्याच्या गळ्यात सुतळीला पक्कड आहे,
लाल मुठीची.
रात्री उलटी आली, तर कापायचं.
कोणत्या चार तारा, ते डॉक्टरांनी कुमुदला दाखवलंय.
ती घरी सराव करते,
जुन्या आकाशकंदिलाच्या तारेवर,
डोळे मिटून.
का, तर वीज गेली तर?

नाकाला चिमटा. तोंडावर रबरी मुखवटा.
खींचो, खींचो...

तीनदा फुंकायचं असतं.
तिन्हींतला मोठा आकडा धरायचा.
हे मी सगळ्यांना सांगते,
पण ह्या माणसाचे डोळे ऐकून चमकले.
तीन म्हटल्यावर काय होतं, हे त्याला
माझ्याआधीपासून ठाऊक.

पहिली फुंक: तीन पॉइंट एक.
त्यानं खिशातून जुनं पावतीपुस्तक काढलं,
कोऱ्या बाजूला लिहिलं:
कितने में गया?
मी आकडा सांगितला.
कम है। रोको।

दुसरी: तीन पॉइंट चार.
मानेच्या शिरा दोरखंडासारख्या,
कानशिलं लाल,
आणि पडद्यावर रेघ वर चढून
मध्येच सपाट.
दमेकऱ्याचा उतार खोलगट असतो, झोळीसारखा.
ह्याचा डोंगर कुणी माथ्यावरून
कापून नेला होता.

तिसरी: तीन पॉइंट चार.

छाती चांगली आहे, मी मराठीत म्हटलं,
आडनावावरून अंदाज बांधून.
तुमची हवा तुमच्याकडेच आहे,
फक्त दातांशी अडतेय.
त्यानं बराच वेळ लिहिलं. मला वाटलं, काही मोठं.
पावतीवर होतं:
माल आहे. गेट बंद.

तिसऱ्या आठवड्यात तीन पॉइंट सहा.
बाकी सांगण्यासारखं काही नाही.
पट्टा दोन भोकं आत गेला होता,
आणि कुमुदच्या डोळ्यांखाली
त्याच्यापेक्षा जास्त आजार दिसत होता.
झोपत नाही का तुम्ही?
शिटी ऐकते, म्हणाली.

सहाव्या आठवड्यात तारा निघाल्या.
तोंड दीड बोट उघडत होतं,
गंजल्या कुलपासारखं, कुरकुरत.
ह्या वेळी मुखवटा नको, नळीच दिली.

सात पॉइंट दोन.
सात पॉइंट आठ.
मी उभी राहिले होते, हे मला नंतर कळलं.
शेजारच्या एक्सरेवालाही दारात आला.
खींचो, खींचो, खींचो, अब छोडो, सब छोडो, और, और, और!

आठ पॉइंट एक.

नळी बाजूला करून तो बोलला,
स बोबडा, ओठ सुन्न,
पण ढिगावरून येणारा तोच आवाज असणार:
कितने में गया?
आठ पॉइंट एक.
दे दो।

ते निघाले. कुमुद दारातून परत आली.
पक्कड आता तिच्या पर्समध्ये होती, मूठ बाहेर.
हळूच म्हणाली,
आता शिटी नाही वाजत. तोंड उघडं ठेवून झोपतात,
काही ऐकूच येत नाही.
दोनदा उठून छातीवर हात ठेवते.
रात्रीपुरतं मिळतं का हो असलं काही,
आकडा दाखवणारं? भाड्यानं?

नळी बदलली.
पुढचं नाव पुकारलं.