रकाना क्रमांक सात

फॉर्म चार पानी, पिवळसर कागद.
सुनेत्रानं एका दमात भरत आणला,
जन्मतारीख, रक्तगट, लशींच्या तारखा,
आणि सातव्या रकान्याशी पेनला टोपण लावलं.
धर्म.
टेबलावर मटार सोलून झालेले,
सालींचा ढीग, त्याला टेकून फॉर्म.
उद्या बारापर्यंत द्यायचा आहे.

आमचं लग्न फोर्टात, जुन्या कस्टम हाउसमध्ये.
तीन साक्षीदार, दोन सह्या,
मग कोपऱ्यावरच्या इराण्याकडं खिमापाव.
शाल्मलीचं बारसं केलं नाही.
आप्पा गेले तेव्हा देह जेजेला दिला,
तेराव्याला मी ऑफिसात होतो
आणि तो तेरावा आहे
हे संध्याकाळी शेजाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

आता ही माझगावच्या चढावरची शाळा.
घरापासून नऊ मिनिटं, चालत.
आत मैदान आहे. खरं. मातीचं.
एक रायआवळा आहे, त्याच्याखाली
सिस्टर बघत असतानाच पोरी आवळे चोरतात.
परळच्या इंटरनॅशनलचं मैदान सातव्या मजल्यावर, हिरव्या प्लास्टिकचं,
आणि फी सुनेत्रानं वाचून नाही दाखवली,
नुसता फोन पुढं केला.
माझी म्युनिसिपालिटीची शाळा?
तिथं आता मतदानापुरते बाक लागतात.

तू तिथं काय कमी हात जोडलेस, सुनेत्रा म्हणते.
खरंय.
दसऱ्याला पाटीवर एकाला एक जोडून काढलेली सरस्वती,
खोबऱ्याच्या तुकड्यासाठी मी दोनदा रांगेत.
आप्पांना ठाऊक होतं. घरी आलो की म्हणायचे,
हात धू, चिकट असतील.
एवढंच.

शेजारचे पाठारे म्हणतात, हिंदू लिहा की, कोण बघतंय.
खालच्या फिलू आंटी म्हणतात, कायच लिहू नको,
मी फादरशी बोलते.
दोघांच्याही आवाजात माया आहे, पंचाईत ती आहे.

मुलाखतीला सिस्टर बेनेडिक्टा.
चष्म्याला दोरी, मराठी वसईची, माझ्याहून ठसठशीत.
मागं भिंतीवर तो, खिळ्यांसकट,
आणि ही आता काय विचारेल म्हणून
माझ्या तळहाताला घाम.
शाल्मली त्याच्या खालच्या काचेच्या टाकीकडं बघत होती.
एक मासा आडवा झालाय, म्हणाली.
सिस्टर उठल्या, चष्मा चढवला, वाकल्या.
होताच आडवा.
मुलाखतीचा उरलेला वेळ माशात गेला.

दारापर्यंत आल्या तेव्हा म्हणाल्या,
सकाळी प्रार्थना असते. तिनं म्हटली नाही तरी चालेल,
उभं मात्र राहावं लागेल.
तीन दिवस मी त्या वाक्यात
आक्षेपाची जागा शोधतोय.

ती विश्वास ठेवेल याची नाही भीती, मी सुनेत्राला सांगतो.
मग?
कुठल्यातरी परीक्षेच्या आदल्या रात्री
पांघरुणात ती काहीतरी पुटपुटत असेल
आणि माझी पावलं ऐकून
थांबेल.
सुनेत्रा सालीच गोळा करत राहिली.
मग म्हणाली, तू जरा पाय वाजवत चालतोसही.

साडेअकरा.
टोपण निघालं. सातव्या रकान्यात एक आडवी रेघ.
वजाबाकीसारखी दिसते, मी म्हटलं.
तिनं ती ओढत नेली
रकाना संपेपर्यंत, थोडी बाहेरही.

शाल्मली उठून आली, डोळे अर्धे मिटलेले,
पाणी हवं होतं.
पेला दोन्ही हातांत धरून म्हणाली,
मासा मेला असेल?
माहीत नाही, मी म्हटलं.
उद्या फॉर्म द्यायला जायचंय.
तेव्हा विचारू.