दोन वयं

सत्ताविसाव्या आठवड्यात आलास.
पाटीवर लिहिलं: बेबी फणसळकर, नऊशे दहा.
किलोभर साखरेलाही
तू नव्वद ग्रॅम कमी पडत होतास.

पाचव्या रात्री सटवाई आली असेल
तर मॉरीनने तिलाही
कोपरापर्यंत हात धुवायला लावले असतील.
आणि ती लिहिणार कुठे?
कपाळावर टोपी, टोपीखाली पट्टी, पट्टीखाली नळी.
कोरा कागद मी ठेवलाच नव्हता.
होता तो तक्ता, तासातासाला भरणारा.

अकराव्या रात्री त्यातली रेघ घसरली.
रक्तात काहीतरी शिरलं होतं.
नाव कळायला दोन दिवस गेले,
ते मला अजून नीट म्हणता येत नाही.
हंबरवरचं धुकं काचेला टेकलं होतं
आणि आत तू, त्याच रंगाचा.

मग परतलास.
कसा, ते मला विचारू नकोस.

आज तू आठ आठवड्यांचा.
आज तू पस्तीस आठवड्यांचाही,
म्हणजे जन्माला यायला अजून पाच बाकी.
लस पहिलंच वय धरते.
मॉरीन तुझ्या मांडीत
सुईपुरती जागा शोधते, बोटानं, गुणगुणत.

डॉक्टर अडेयेमी टाचेतून जरासं रक्त मागतात,
अभ्यासासाठी.
लस म्हणजे शत्रूचं चित्र, त्या सांगतात.
पण ज्यानं चित्राआधी शत्रूच पाहिला
तो चित्राकडे कसा बघेल?
दचकेल?
कंटाळून मान फिरवेल?
की चटकन ओळखेल?
"काहींचं एक, काहींचं दुसरं. म्हणून तर मोजतोय."
हलच्या या इस्पितळात इतक्या दिवसांत
'माहीत नाही' असं सरळ म्हणणारं
पहिलंच माणूस.

मी सही केली. चुकून मराठीत.

उन्हाळ्यात पत्र आलं:
तीन आकड्यांतला एक कमी.
काळजीचं कारण नाही,
डोस एक जास्तीचा द्यावा.
तोवर तू खरोखरचा जन्मून झाला होतास,
पंख्याकडे बघून हसत होतास,
कशाला किती लक्षात ठेवायचं
ते तुझं तू ठरवत होतास बहुतेक.

तुझ्या लाल वहीत
त्या डोसासाठी रकानाच नव्हता.
रात्री स्वयंपाकघरात बसून
मी पट्टीनं एक आखला.
जरा तिरका आला.
तसाच ठेवला.