बत्तीस हजार सातशे अडुसष्ट

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात रात्री पावणेतीनला
सगळे काटे थिजले.
चार किलो दोनशे.
मासा उचलून घेतला तरी चार किलो दोनशे.
मारजुन फोनवर एवढंच म्हणाली,
"कपाटातले दिवे वेड्यासारखे करतायत."

मी समुद्राखालच्या बोगद्यातून गाडी घातली.

खरंच. प्रत्येक हिरवा दिवा एकाच दमात लुकलुकत होता.
कुणीतरी एकदाच विचारलं असणार,
लेबलं छापणारा कुठं राहतो?
तो प्रश्न फिरून त्याच दारात आला,
तिथून पुन्हा निघाला, पुन्हा आला,
आणि आता सगळ्या तारांत तेवढंच उरलं होतं:
कुठं राहतो कुठं राहतो कुठं राहतो
उत्तराला शिरायला फट नाही.

जेवणघरात एक तार सुटी लोंबत असायची.
ह्यालग्रिमने फरशी पुसताना तिचं टोक उचललं
आणि शेजारच्या भोकात नीट बसवलं.
बरं दिसावं म्हणून.
त्याला मी काय बोलणार?

जेवणघराच्या स्विचवर स्पॅनिंग ट्री बंद.
शेरा तीन वर्षांपूर्वीचा, सही नाही:
"सुरू व्हायला फार वेळ घेतो."
फार म्हणजे तीस सेकंद.
पंधरा नुसतं ऐकायचं,
पंधरा कोण कुठल्या बाजूला ते शिकायचं,
मगच तोंड उघडायचं.
एवढा धीर माझ्या माहेरी कुणाला नाही.

मूळ कोण, म्हणून विचारलं.
उत्तर आलं: शीतगृहाच्या जिन्याखालचा,
सतरा वर्षांचा, पंखा खरखरणारा.
त्याला कुणी नेमलं नव्हतं.
सगळ्यांचा अग्रक्रम खोक्यातून निघाला तसाच,
बत्तीस हजार सातशे अडुसष्ट.
बरोबरी झाली की ज्याचा पत्ता लहान तो मूळ,
आणि लहान पत्ता म्हाताऱ्याचा.
इतकी वर्षं आख्खा कारखाना
त्याच्याकडं तोंड करून उभा,
त्याच्यावर मात्र कुणीतरी ओले हातमोजे वाळत घातलेले.

कचेरीतल्या स्विचला मी चार हजार शहाण्णव दिले.
इथं लहान आकडा मोठा.
जेवणघरातलं बंद दार उघडलं, म्हणजे
स्पॅनिंग ट्री चालू केला.

तीस सेकंद.
मारजुन रबरी बोटांवर मोजत होती,
अठ्ठावीसला थांबली, पुढं मोजायला धजेना.

मग हिरवे दिवे आपापल्या तालात आले.
शीतगृहाकडच्या दुसऱ्या तारेचा तेवढा नारिंगी.
"हा बिघडला?"
नाही. त्याला बोलायचं नाहीये.
दर दोन सेकंदांनी पलीकडून "आहे" येतं,
ते ऐकतो आणि गप्प राहतो.
"आणि नाही आलं तर?"
तर बोलेल.
"आमच्याकडं आहे असा एक," ती म्हणाली.

ह्यालग्रिमने ऐकलं असावं.
तार त्याने कोपरावर गुंडाळली,
खिळ्यावर स्वतःच्या कोटाशेजारी टांगली,
आणि बादली घेऊन गेला.

काटा शून्यावर आला.
मारजुनने तोच मासा पुन्हा ठेवला.
चार किलो एकशे ऐंशी.
तेवढ्यात पाणी निथळलं होतं.