तूट

पहिल्यांदा कळलं ते चंदर हमालाच्या पाठीला.
"ताई, खोकं पंधराचंच हाय," तो म्हणाला,
"काटा काय बी म्हनू दे."
काटा म्हणत होता चौदा किलो आठशे पन्नास,
लाल आकड्यांत, जराही न लाजता.

शिक्क्याचं वजन कपाटातून काढलं,
पदरानं पुसून ठेवलं काट्यावर.
चंदर जिंकला. दीडशे ग्रॅमनं.

तेवीस दिवस, सात सौदे,
तेराशे चाळीस खोकी बेदाणा.
एकाचीही तक्रार नव्हती.
तासगावात मार्चची हवाच अशी कोरडी
की आकडा कमी आला तर माणूस हवेला दोष देतो.
"सुकला असंल," म्हणत होते शेतकरी
आणि पट्टी खिशात घालत होते.
आम्हीही म्हणालो असू एकदोनदा, सुकला असेल.
ते आता आठवतं.

बरं, त्यातला एक दाणा आमच्या घरात आला नव्हता.
जादाचा माल व्यापाऱ्यांच्या ट्रकमधून
कधीच इंदूरला, दिल्लीला पोचला,
कुणाच्या तरी शिऱ्यात फुगला.
"मग आपला काय गुन्हा?" बाबूकाका म्हणाले,
"काटा दुरुस्त करा आणि गप बसा.
सांगितलंत, तर बाजार बिघडला म्हणणार नाही.
बिघडवला म्हणेल."
काका बाजाराला माझ्यापेक्षा जास्त ओळखतात.

सिद्धलिंग अण्णा, माझे सासरे, काहीच बोलले नाहीत.
आलेला चहा परत पाठवला,
टोपी काढून मांडीवर ठेवली,
पट्ट्यांची फाईल मागितली.

दोनशे एक किलो.
हिरव्याचा भाव निराळा, पिवळ्याचा निराळा,
काळ्याला तर कुणी विचारत नव्हतं त्या आठवड्यात.
मी कॅल्क्युलेटर धरला, अण्णांनी बोटांची पेरं.
पेरं आधी पोचली.
रक्कम ऐकून काका बाहेर जाऊन उभे राहिले.
"फोन तू लाव," अण्णा म्हणाले, "माझा आवाज
उधारी मागितल्यासारखा येतो."

बावन्न फोन.
सावळजचे मुल्ला हसले, हसतच राहिले,
मग म्हणाले, लेकीच्या खात्यावर टाका.
येळावीत कुणी उचलला नाही.
एकाला वाटलं मी भामटी आहे,
ओटीपी सांगणार नाही म्हणाला, आणि ठेवला.
आणि मणेराजुरीचे दिगंबर जमदाडे
इतका वेळ गप्प राहिले
की मागे चालू असलेली त्यांची मोटर मला ऐकू आली.
"तेवीस दिवसांचं देताय," ते म्हणाले.
"त्याच्या आधीचं?"

त्याच्या आधी काटा बरोबर होता.
हे वाक्य खरं होतं,
आणि माझ्याच तोंडात ते खोट्या नाण्यासारखं वाजलं.

गुरुवारी जमदाड्यांचा टेम्पो
आमच्या दारावरून पुढच्या अडतीला गेला.
अण्णांनी हात केला होता, सवयीनं.
तो तसाच थोडा वेळ वर राहिला.
काकांनी माझ्याकडे पाहिलं,
सांगितलं होतं असं म्हणाले नाहीत.
एवढं मी त्यांच्या नावावर जमा धरलंय.

सोमवारी कवठ्याहून हौसाक्का आली.
पिशवीत स्वतःचा ताणकाटा.
लपवला नाही, मालाच्या आधी तोच काढला.
"राग मानू नगा."
"राग कसला," अण्णा उठले,
छताचा हूक त्यांनीच दाखवला,
स्टूल त्यांनीच सरकवलं.
चंदरनं खोकं टांगलं.
सुई थरथरली, पंधराच्या अलीकडे, पलीकडे, परत अलीकडे,
आणि आम्ही चौघं माना वर करून
तिची थांबायची वाट बघत राहिलो.