गंजाचा गोळा

डरममध्ये नदी गावाभोवती अशी वळते
जशी गळ्याभोवती पट्टी.
त्या वळणाच्या आत, तळघरात, माझं टेबल.
वर विद्यार्थी सायकली लावतात,
त्यांचा खडखडाट छतातून झिरपत राहतो.

डबा सतरा.
बोटीवरच्या कुणा इंजिनियरच्या पोटमाळ्यावरून आलेला.
त्याच्या विधवेने दिला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
रशियन वर्तमानपत्रात गुंडाळून.
यादी तिच्याच हातची:
घोड्याचं सामान, फुटका आरसा, माती.
माती ती टाकणार होती म्हणे,
मग राहूनच गेली.

एक रिकीब निघाली. रुंद तळाची,
एका कडेला जास्त झिजलेली.
स्वार डावीकडे भार टाकून बसायचा, किंवा बसायची.
लगामाची कडी.
बाणांच्या भात्यावरची हाडाची पट्टी, तिच्यावर
धावत्या हरणाची फक्त मागची तंगडी.
अर्धा आरसा. तो फुटलेला नाही, फोडलेला आहे;
कडेला घावाची खूण दिसते.
मेंढीच्या घोट्याची सात हाडं, त्यातलं एक लाल.

माणसाचं हाड एकही नाही.
ज्याचं हे सगळं, ते माणूस कुठे आहे
असं विचारलं की नोंदवही
एक रकाना रिकामा ठेवते
आणि पुढच्या ओळीवर जाते.

शेवटी हा गोळा. मुठीएवढा.
गूळ पाघळून पुन्हा आळावा तसा गंज.

बोतागोझ अक्तोबेहून सहा महिन्यांसाठी आली आहे.
तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी
एका घरातल्या दोन भाडेकरूंसारखं वागतं,
सभ्य, दारं हळू लावणारं.
तिने गोळा एक्स-रेखाली ठेवला. मी पडद्याशी.
राखाडीतून आधी दोन डोळे वर आले,
मग त्यांच्याखाली दोन पाती,
किंचित फाकलेली.

कायशी, ती म्हणाली.
कैची, मी म्हणाले.
एकाच वेळी, समोर बघत.
मग दोघी एकमेकींकडे वळलो,
रस्त्यात कुणी आपल्या घरातलं टोपणनाव
मोठ्याने उच्चारावं तशा.

कुठल्या खोगिरावर बसून
हा शब्द इचलकरंजीला उतरला असेल,
आमच्या दोन खोल्यांत, आईच्या मशीनच्या खणात?
काळ्या मुठीची होती तिची.
कागद कापला तर पाठीत धपाटा.
रिकामी वाजवली तर, ठेव ती,
घरात भांडणं लागतात.

बोतागोझची आजीसुद्धा काहीतरी म्हणायची,
उघडी ठेवू नका, असं काहीसं.
नक्की शब्द तिला आठवेना. खिडकीपाशी जाऊन
तिने फोन लावला, पण तिकडे रात्र झाली होती.

सूक्ष्मदर्शकाखाली पात्यांच्या फटीत कापड दिसलं.
कापड नव्हे खरं तर, गंजाने उतरवून घेतलेली त्याची नक्कल.
यंत्रमागांच्या गल्लीत वाढलेली मी,
धागे न मोजता पुढे जाता येत नाही:
सेंटिमीटरला अठरा उभे, सोळा आडवे.
बरं विणलेलं होतं. घाई नव्हती विणणाऱ्याला.

अर्ध्या कापणीत काम थांबलं असेल.
किंवा खड्ड्याच्या काठावर कुणीतरी
खाली वाकून, मुद्दाम,
पात्यांत एक चिंधी घातली असेल,
तिकडे ती रिकामी वाजू नये म्हणून.
अहवालात यातलं काही बसत नाही.
मी लिहिलं: सेंद्रिय अवशेष, वस्त्र, साधी वीण.

आई गेली तेव्हा मी याच खुर्चीवर होते.
तेराव्यानंतर बहिणीने विचारलं,
कैची तुला हवीय का गं?
मी म्हटलं, विमानात नेऊ देत नाहीत.
सामानात चालते, हे मला माहीत होतं.

गोळा उघडायचा नाही, असं ठरलं.
रकान्यात वस्तूचं नाव इंग्रजीत गेलं, शाईने.
कडेला पेन्सिलीने बोतागोझने तिचं लिहिलं,
खाली मी माझं.
मग मी फोमचा ठोकळा घेतला
आणि त्याच्या मापाचा खड्डा
कोरायला बसले.